पावसाची माफी

जुलैचा दुसरा आठवडा होता. दुपारचे चार वाजले होते आणि आमच्या घरावर पाऊस असा कोसळत होता, की माजघरातून स्वयंपाकघरातल्या माणसाला हाक मारायची तर भांडे आपटावे लागे. लॅपटॉपच्या पडद्यावर गुरुग्राममधल्या एका काचेच्या खोलीत बसलेले दोघे जण दिसत होते. त्यांच्या मागची भिंत पांढरी होती, टेबलावर पाण्याच्या दोन सारख्या बाटल्या होत्या आणि त्या खोलीत ऋतू नावाची काही गोष्ट असेल असे वाटत नव्हते. मी एका प्रश्नाचे उत्तर देत असताना त्यांतल्या वयाने मोठ्या असलेल्या गृहस्थांनी हात वर करून मला थांबवले. तुमच्या मागे कसले यंत्र चालू आहे, ते जरा बंद करता येईल का, असे त्यांनी विचारले. ते यंत्र नसून पाऊस आहे, असे मी सांगितले. ते हसले नाहीत. मग एखाद्या शांत जागी जाऊन बसता येईल का, असे त्यांनी सौजन्याने विचारले आणि मी लगेच म्हणाले, "सॉरी सर, व्हेरी सॉरी." कॉल संपल्यावर पडवीत दोरी वळत बसलेले बाबा मान वर न करता म्हणाले, "वर अर्ज करायला सांग त्याला. आवाजाचं खातं आपल्याकडे नाही."

पावसाची माफी मागणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच.

तो आवाज पूर्वी असा नव्हता. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून वर सरकले तेव्हा आमची निम्मी कौले उडाली. तितकी जुनी नळीची कौले पुन्हा मिळेनात, म्हणून बाबांनी पडवीवर आणि पुढच्या खोलीवर पत्रे घातले. कौलांवरचा पाऊस अंगावर पांघरूण घेतल्यासारखा वाजतो. पत्र्यांवरचा पाऊस वर कुणी खडीचा ट्रक रिता करावा तसा वाजतो. पुण्यात सात वर्षे नोकरी करून मी मार्चमध्ये राजापूर तालुक्यातल्या या घरी परत आले, कारण आमचा अख्खा विभाग एका गुरुवारी बंद झाला होता. आकडेवारीचे विश्लेषण हे माझे काम. या मोठ्या कंपनीची जाहिरात दिसली, काम घरून करायचे होते, आणि मी मृग लागल्यावर, आमच्या भाताची पेरणी झाली त्याच आठवड्यात अर्ज केला. आधी बायोडेटा जोडायचा आणि मग त्याच बायोडेटातली प्रत्येक ओळ पुन्हा रकान्यांत टंकायची, हा त्या अर्जाचा पहिला भाग मी निमूटपणे पार पाडला. एकंदर सात फेऱ्या होत्या. हे मला नंतर मोजल्यावर कळले; सुरुवातीला कुणी आकडा सांगितला नव्हता. प्रत्येक फेरीनंतर "आता फक्त एक छोटीशी गप्पा" एवढेच सांगण्यात येई.

पहिली फेरी ऑनलाइन चाचणीची. दीड तास, एकदाच देता येणारी, आणि कॅमेरा सतत चालू. त्या दिवशी सकाळीच वीज गेली. आमच्याकडे वीज गेली की टॉवरची बॅटरी काही वेळ तग धरते आणि मग फोन नुसते घड्याळ दाखवण्यापुरते उरतात. रेंज हवी तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर जायचे, हे इथले लहान मूलही सांगेल. शेजारच्या काकांनी रिक्षा काढली, दोन्ही बाजूंचे पडदे बांधले, मी मागच्या सीटवर मांडीत लॅपटॉप घेऊन बसले आणि बाबा सोबत म्हणून पुढे काकांना चिकटून बसले. सड्यावर वारा इतका होता की रिक्षा उभ्या जागी डुलत होती. विसाव्या मिनिटाला बाबांनी मागे वळून "झालं का गो?" म्हणून विचारले आणि पडद्यावर लाल चौकट उमटली: चौकटीत एकापेक्षा अधिक व्यक्ती आढळल्या आहेत. तिसऱ्या वेळी चाचणी रद्द होणार होती. मी बाबांना हाताने खूण करायला गेले, तर नजर पडद्यावरून हटल्याची दुसरी सूचना आली. उरलेला तास बाबा आणि काका दोघेही रिक्षाच्या बाहेर एका छत्रीत उभे राहिले. सुटल्यावर पाहिले तर दोघेही गुडघ्यापर्यंत भिजलेले. जवळच कातळात कोरलेली जुनी चित्रे आहेत, त्यांच्या रेषांत पाणी भरले होते. ती कुणी आणि कशासाठी कोरली याचा पत्ता लागलेला नाही, आणि कोकणातली अशी कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आहेत. संभाव्य यादी हा शब्द तेव्हा मला फारसा बोचला नव्हता.

पुढच्या फेऱ्यांविषयी लिहिताना मला अजून एका गोष्टीची लाज वाटते आणि ती पावसाची नाही. "तुमच्या अपयशाचा एखादा प्रसंग सांगा" हा प्रश्न मला पाच वेळा विचारला गेला. आधी प्रसंग, मग तुमच्यावरची जबाबदारी, मग तुम्ही केलेली कृती आणि शेवटी निष्पत्ती, अशा चार पायऱ्यांत उत्तर द्यायचे असते, हे आता शाळकरी पोरांच्या निबंधासारखे सर्वांना पाठ आहे. माझा प्रसंग खरा होता. पुण्यात एका रात्री मी ग्राहकाला चुकीच्या स्तंभाची बेरीज पाठवली होती आणि त्या आकड्यावर त्यांनी माल मागवला होता. चूक लक्षात आली तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते, मी भाड्याच्या खोलीच्या मोरीत नळ सोडून रडले होते, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या वरिष्ठ बाईंनी काही न बोलता माझ्यापुढे चहाचा कप ठेवला होता. पहिल्यांदा सांगताना माझा आवाज अडखळला. दुसऱ्यांदा मोरी गळली. तिसऱ्यांदा चहा गळला, कारण निष्पत्तीत तो बसत नव्हता. पाचव्यांदा मी ती गोष्ट नमन या आमच्याकडच्या लोकनाट्यातल्या गवळणीसारखी ठरलेल्या जागी हशा घेत सांगितली, आणि समोरच्या बाई समाधानाने काहीतरी लिहून घेत असताना माझ्या ध्यानात आले की आपली ती रात्र आता आपल्याकडे उरलेली नाही. आजही ती आठवू गेले तर मला ती चार पायऱ्यांतच आठवते.

चौथी फेरी घरी करायच्या कामाची होती. "साधारण चार तास पुरतील" असे पत्रात होते. मला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत आमची लावणी चालू होती. आई, आत्या आणि वाडीतल्या बायका चिखलात ओणव्या होऊन तरवा लावीत होत्या आणि मी कोरड्या खोलीत बसून कुणाच्या तरी गोदामातल्या मालाचे तक्ते रंगवीत होते. संध्याकाळी आत्या पाय धुऊन ओट्यावर टेकली आणि पगार किती देणार म्हणून विचारू लागली. अजून नोकरीच मिळालेली नाही, हे ऐकल्यावर ती मनापासून चकित झाली. "मग हे काम कुणाचं करतेस?" या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते.

आत्याचे लग्न जमायला चार वर्षे लागली होती. आमच्या घरात त्याविषयी कुणी बोलत नाही, पण ती स्वतः बोलते आणि खदखदून हसत बोलते. अकरा वेळा पोहे केले, अकरा वेळा तीच साडी नेसले, एका ठिकाणी तर चालून दाखव म्हणाले, असे सारे ती एखाद्या जत्रेचे वर्णन करावे तसे सांगते. माझी सहावी फेरी रात्री दहाला होती, कारण ते साहेब अमेरिकेत होते. बाहेर बेडूक ओरडत होते, आणि मी पोलक्यासारखा दिसणारा सदरा कोटाखाली झाकून बसले होते. ती आटोपून मी बाहेर आले तेव्हा आत्या जागी होती. काय म्हणाले, असे तिने विचारले. "कळवतो म्हणाले." ती पदराने तोंड झाकून हसली. "अगो, सहा वेळा बघून गेले नि अजून कळवतोच? आमच्या वेळी 'कळवतो' म्हणजे 'नाही' हे निदान सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुढचं स्थळ बघायला मोकळे."

मोकळे. हा शब्द मला नंतर फार दिवस पुरला.

देवाचा कौल मात्र त्याआधीच झाला होता. पाचव्या फेरीनंतर दोन आठवडे काही कळेना, तेव्हा आईने श्रावणातल्या एका सकाळी मला ग्रामदेवतेच्या देवळात नेले. मी जायला तयार नव्हते. आकडेवारीवर पोट असलेल्या मुलीने कौल लावायला जाणे मला बरे वाटत नव्हते. पण आईच्या चेहऱ्याकडे पाहून मी वाद घातला नाही. देवळात कोंदट गारवा होता, समईच्या तेलाचा आणि ओल्या चिऱ्याचा मिळून एक वास असतो तो होता. गुरवकाकांनी पाषाणावर पाणी घातले आणि भिजलेल्या कळ्या एकेक करून उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवल्या. मग हात जोडून गाऱ्हाणे सुरू केले, "बा देवा म्हाराजा," आणि मध्येच थांबून मला कंपनीचे नाव विचारले. मी सांगितले. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले, तिसऱ्यांदा त्याचा नाद सोडला आणि "ही जी काय कंपनी आसा" असे म्हणून देवापुढे माझी बाजू मांडली. आईने "होय म्हाराजा" म्हटले. त्यानंतर कुणीही बोलले नाही. छपरावरून गळणाऱ्या पागोळ्यांचा आवाज तेवढा होता, आणि आम्ही तिघे त्या कळ्यांकडे टक लावून पाहत होतो. उजवीकडची एक कळी किंचित खाली घसरली आणि थांबली. आईचा श्वास मला ऐकू आला. मग डावीकडची सुटली आणि पाण्याच्या ओघळाबरोबर खाली आली. गुरवकाकांनी ती उचलून आईच्या हातावर ठेवली. डावा कौल म्हणजे नकार. सगळे मिळून वीस मिनिटे लागली असतील.

घरी येताना आई बोलली नाही, आणि मला विचित्र हलके वाटत होते. कुणीतरी माझ्या प्रश्नाकडे पाहिले, थोडा विचार केल्यासारखे दाखवले आणि उत्तर दिले, एवढे गेल्या दोन महिन्यांत प्रथमच घडले होते. तरीही चार दिवसांनी सहाव्या फेरीचे पत्र आले तेव्हा मी धावत कपाटातून कोट काढला. देवाचा नकार मी मानला नाही आणि कंपनीचा मला मिळाला नाही.

सातवी फेरी गणपतीच्या आदल्या दिवशी झाली. मुंबईहून आलेली माणसे, गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीला बांधायच्या फळांच्या राशी, आरत्यांच्या चालीवरून चुलतभावांचे भांडण, या सगळ्यात मी माळ्यावरच्या खोलीत बसून "तुम्ही आमच्या संस्कृतीत कशा मिसळाल?" या प्रश्नाचे उत्तर दिले. त्यानंतर शांतता. मी दसऱ्याच्या आधी एक पत्र पाठवले आणि कापणी संपल्यावर दुसरे. पहिल्याला उत्तर आले: प्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे, आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत. त्या एका ओळीवर मी महिनाभर काढला. आमच्या तालुक्यातल्या उन्हाळे गावच्या गंगेची, तिथल्या झऱ्याचीही अशीच तऱ्हा आहे. कुणाला न विचारता येते, चौदा कुंडे भरते आणि कुणाला न सांगता जाते. पण तिच्याविषयी कुणी तक्रार करीत नाही, कारण तिने कधी अर्ज मागवलेले नसतात.

हे असे का होते, ते मला अगदीच कळत नाही असे नाही. आपल्याकडे नोकरी सोडणाऱ्याला तीन तीन महिन्यांची मुदत भरावी लागते, तेवढ्यात तो आणखी दोन ठिकाणची पत्रे खिशात घालतो आणि ऐनवेळी रुजूच होत नाही. म्हणून कंपन्या पहिल्या क्रमांकाच्या माणसाची वाट पाहताना दुसऱ्या आणि तिसऱ्याला "नाही" म्हणत नाहीत. त्यांना मंद आचेवर ठेवतात. कारण सांगितले तर उद्या कुणी वाद घालील, हीही भीती असते. फेऱ्या वाढतात त्याचे कारण आणखी साधे आहे: निवड चुकली तर दोष सात जणांत वाटला जातो. गूगलने एकदा आपल्याच मुलाखतींचा हिशेब मांडला होता, त्यात चार मुलाखतींनंतर निर्णयाची खात्री ८६ टक्क्यांपर्यंत पोहोचत होती आणि पुढच्या प्रत्येक मुलाखतीने ती जेमतेम एकेक टक्का वाढत होती. माझ्या शेवटच्या तीन फेऱ्या त्या तीन टक्क्यांसाठी होत्या असे धरले, तर त्यातला एक टक्का म्हणजे कोटाखाली झाकलेला तो सदरा असणार.

कळते असे म्हणाले खरे, पण ते कळण्यामागे माझाही हात आहे. पुण्यात शेवटची दोन वर्षे मी स्वतः मुलाखती घेत होते. एकाच दिवशी पाच पाच जण. प्रत्येकाला एक ते पाचमधले गुण द्यायचे, रकाना भरायचा आणि "एचआर आपल्याला कळवील" असे म्हणून खिडकी बंद करायची. सोलापूरकडचा एक मुलगा होता. त्याच्या मागे भिंतीला टेकून ठेवलेली सायकल दिसत होती आणि तो प्रत्येक उत्तराआधी एक क्षण डोळे मिटत होता. मी त्याला साडेतीन गुण दिले, म्हणजे घ्यायचाही नाही आणि सोडायचाही नाही. तीन आठवड्यांनी त्याने माझा पत्ता कुठूनसा मिळवून मला दोन ओळी लिहिल्या. "मॅडम, नकार असेल तरी चालेल. फक्त कळवा." ते पत्र मी वाचले. उमेदवारांशी परस्पर बोलायचे नाही असा नियम होता आणि तो नियम मला त्या दिवशी सोयीचा वाटला. त्या ईमेलला ताऱ्याची खूण करून ठेवली, म्हणजे नंतर बघता येईल. कंपनी सोडताना माझा तिथला मेलबॉक्स बंद झाला आणि त्याबरोबर त्याचे पत्रही गेले. आता त्याचे नावही मला आठवत नाही, सायकल आठवते.

आमच्या घरात वाट पाहण्याची ही पहिली खेप नव्हे. आजोबा पोरवयात जैतापूरहून बोटीने मुंबईला गेले आणि परळला गावकऱ्यांच्या खोलीत उतरले. गाववाल्या मुकादमाने त्यांना गिरणीच्या दरवाजाशी उभे केले. सुरुवातीची काही वर्षे ते बदलीवर होते. सकाळी पाळीच्या भोंग्याआधी दरवाजाशी जमायचे. आत कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी घेत, नसेल तर "आज बदली नाही" म्हणून सांगत आणि माणसे खोलीवर परतत. त्यात अपमान होता, मुकादमाची मर्जी राखणे होते, हे सगळे आजोबा सांगत. पण सात वाजता त्या दिवसाचा निकाल लागलेला असे. पुढे ते साचेखात्यात कायम झाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि त्या पावसाळ्यात संप मिटला की परत जाऊ म्हणून ते लावणीला गावी आले. तो संप मागे घेतल्याचे अधिकृतपणे कधी जाहीर झालेच नाही. माणसे थोडी थोडी परत गेली, गिरण्या थोड्या थोड्या बंद झाल्या, आणि आजोबांना कुणीही "तुमचे काम संपले" असे सांगितले नाही. मला आठवते ती त्यांची पत्र्याची पेटी. तळाशी घडी घातलेली खाकी पँट, तिच्यात डांबराच्या गोळ्या, आणि खिशात गिरणीचा पास. दर दिवाळीला ते पँट उन्हात घालीत, झटकीत आणि पुन्हा त्याच घडीवर दुमडून ठेवीत. मी लहान असताना मला तो एखादा सण वाटायचा. आता त्याच पेटीत बाबांनी वारस म्हणून भरलेल्या गिरणी कामगारांच्या घराच्या अर्जाची पोचपावती आहे. त्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. आमचे नाव अजून निघायचे आहे. बाबा दर सोडतीची बातमी वाचतात, चष्मा काढतात आणि वर्तमानपत्र नीट घडी करून ठेवतात. ती घडी घालण्याची पद्धत थेट आजोबांची आहे.

मला डिसेंबरात पुण्याच्या एका लहान कंपनीत काम मिळाले. दोन वेळा बोलणे झाले आणि तिसऱ्या दिवशी पगाराचा आकडा आला. त्याविषयी सांगण्यासारखे एवढेच. मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर मात्र माझ्या नावापुढे हिरवा ठिपका अजून आहे आणि त्याखाली "आपला अर्ज विचाराधीन आहे" ही ओळ. तो खाते बंद करण्याचा दुवा मला सापडतो. मी तो दाबत नाही. का ते आजोबांना विचारता आले असते.

यंदा मे महिन्यात बाबांनी माडाच्या झावळ्या विणून झाप केले आणि शिडी लावून पत्र्यावर चढले. ऊन फार लागते म्हणून, असे त्यांनी कारण सांगितले. पण झाप त्यांनी बरोबर माझ्या टेबलाच्या वर घातले आणि सुंभाने करकचून बांधले. आई दुपारी जिथे आडवी होते त्या बाजूला एकही नाही. पहिला जोराचा पाऊस आला तेव्हा मी पुण्याच्या सहकाऱ्याशी बोलत होते. टेबलावर जुन्या कौलांसारखा घुमट, जाड आवाज येत होता आणि चार हातांवर पडवीत तीच खडी ओतल्याची गर्दी. "पाऊस का गं?" त्याने विचारले. "हो, सकाळपासून," मी म्हणाले आणि पुढच्या तक्त्याकडे वळले. दारात बाबा उभे होते. मान वर करून, एक कान छपराकडे लावून ते काही वेळ ऐकत राहिले. "डाव्या कोपऱ्यात अजून दोन बसतील," ते म्हणाले आणि कोयता शोधायला मागच्या दाराने गेले.